कृत्तिकांचे आयुष्य : ठाणे-कल्याणच्या आकाशातून तारकागुच्छांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाणे आणि कल्याण या दोन गावांत विद्येची जी जाग आली, तिची नोंद सामान्यतः संस्थांच्या नावांनी घेतली जाते : १८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, १८६६ साली ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे पत्र निघू लागले आणि १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. या नोंदींत सहसा न येणारी गोष्ट अशी की, १८८०च्या सुमारास ठाण्याच्या मराठी शाळेत मुख्याध्यापक असलेल्या एका शिक्षकाने पुढे आकाशातील एका लहानशा ताऱ्यांच्या झुबक्याला भारताच्या प्राचीन कालनिर्णयात मध्यवर्ती स्थान मिळवून दिले. हे शिक्षक म्हणजे शंकर बाळकृष्ण दीक्षित, आणि तो झुबका म्हणजे कृत्तिका. कोकणातील मुरुड गावी १८५३ साली, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली त्याच वर्षी, जन्मलेल्या दीक्षितांनी रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि पुणे अशा बदल्यांच्या नोकरीत अध्यापन करीत करीत, कोणत्याही वेधशाळेचा आधार नसताना, ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत उभा केला, आणि १८९८ साली वयाची पंचेचाळिशीही गाठण्यापूर्वी त्यांचा मृत्यू झाला. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांगाच्या चळवळीत भाग घेतला, १८९२ साली सामान्य वाचकांसाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला, आणि १८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

दीक्षितांचा कृत्तिकांविषयीचा युक्तिवाद १८९५ साली ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात आला. शतपथ ब्राह्मणात, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात परंतु कृत्तिका ढळत नाहीत, अशा आशयाचे एक विधान आहे. ते प्रत्यक्ष पाहून केलेले विधान मानले, तर कृत्तिका त्या काळी बरोबर पूर्वबिंदूवर उगवत असल्या पाहिजेत, आणि जो तारा बरोबर पूर्वेस उगवतो तो खगोलीय विषुववृत्तावर असतो, हे गणिताने ठरलेले आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक फेरा पूर्ण करीत सावकाश डोलतो, या डोलण्यामुळे विषुववृत्ताची ताऱ्यांच्या संदर्भातील जागा सरकत राहते, आणि या क्रियेला संपातचलन म्हणतात; तेव्हा कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या हे मागे मोजत गेल्यास काळ निघतो तो इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांचा. त्याआधी दोनच वर्षे लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि त्यात वसंतसंपात मृगात असल्याच्या काळापर्यंत वेदांचा काळ मागे नेला होता. दोघांच्या निष्कर्षांवर तेव्हापासून वाद चालू आहे; विशेषतः शतपथातील विधान काटेकोर वेधाचे मानावे की परंपरेने चालत आलेल्या ढोबळ समजुतीचे, याविषयी विद्वानांत एकमत झालेले नाही. दीक्षितांचे गणित मात्र बिनचूक होते, आणि त्या गणितात दडलेले एक गृहीत पुढील शतकाच्या संशोधनाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

ते गृहीत असे की, पाच हजार वर्षांत आकाशाची चौकट सरकली असली, तरी कृत्तिका त्याच कृत्तिका राहिल्या आहेत. ठाण्याहून आज कार्तिकातील संध्याकाळी कृत्तिका उगवताना पाहिल्या, तर त्या पूर्वबिंदूपासून सुमारे साडेपंचवीस अंश उत्तरेला सरकलेल्या आढळतात, आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्या डोक्यावरून, खमध्याच्या जेमतेम पाच अंश उत्तरेकडून, पलीकडे जातात. हा सगळा फरक पृथ्वीच्या अक्षाने घडविलेला आहे. कृत्तिकांची स्वतःची आकाशातील गती इतकी मंद आहे की, दीक्षितांनी काढलेल्या काळापासून आजवर त्या सुमारे चार कला, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या सातव्या हिश्श्याइतक्याच, जागच्या हलल्या आहेत. कृत्तिका टिकाऊ आहेत हे दीक्षितांचे गृहीत मानवी इतिहासाच्या मापाने अगदी योग्य होते. परंतु पृथ्वीच्या आणि आकाशगंगेच्या आयुष्याच्या मापाने पाहिले असता हा गुच्छ नुकताच जमलेला आणि लवकरच पांगणारा आहे. हा दुसरा हिशेब कसा लागला, याचा इतिहास दीक्षितांच्या कालगणनेइतकाच चिकाटीचा आहे, आणि त्यातील काही पाने महाराष्ट्रातच लिहिली गेली आहेत.

कृत्तिकांचे तारे एकमेकांजवळ दिसतात म्हणून ते खरोखर एकमेकांजवळ आहेत असे ठरत नाही, कारण एकाच दिशेला परंतु भिन्न अंतरांवर असलेले तारेही शेजारी भासतात. गॅलिलिओने १६१० साली दुर्बिणीतून कृत्तिकांचे ३६ तारे आकृतीत दाखविले तेव्हा ही शंका मिटली नव्हती. ती मिटविण्याचा पहिला गणिती प्रयत्न जॉन मिचेल या इंग्रज पाद्र्याने १७६७ साली केला : आकाशात तारे यदृच्छेने विखुरलेले असते, तर कृत्तिकांतील सहा ठळक तारे इतके जवळ येण्याची शक्यता सुमारे पाच लाखांत एक एवढीच ठरते, तेव्हा त्यांचे एकत्र असणे हे काही नैसर्गिक कारणाचे फळ आहे, असे त्याने मांडले. संख्याशास्त्राचा खगोलविज्ञानातील हा अगदी आरंभीचा उपयोग होता. त्यानंतर शंभर वर्षांनी, १८६९ साली, रिचर्ड प्रॉक्टर याने सप्तर्षींतील पाच तारे एकाच दिशेने व एकाच वेगाने चालले असल्याचे दाखविले. मराठी वाचकाला हे पाच तारे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ या नावांनी परिचित आहेत, वसिष्ठाशेजारची अरुंधतीही त्यांच्याबरोबर चालते आहे. क्रतू आणि मरीची हे दोन टोकांचे तारे मात्र या जथ्याचे नाहीत. सूर्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षांवर असलेला हा ताऱ्यांचा समूह म्हणजे पूर्वी घट्ट असलेल्या आणि आता विरत चाललेल्या गुच्छाचा अवशेष होय, हे समजायला आणखी काही दशके जावी लागली. १९०८ साली लुईस बॉस याने रोहिणीशकट या गुच्छातील ताऱ्यांच्या गती मोजून, ते सर्व आकाशातील एकाच बिंदूकडे झुकत असल्याचे सिद्ध केले आणि त्यावरून त्या गुच्छाचे अंतर काढले. रोहिणी नक्षत्राचा ठळक तांबूस योगतारा मात्र या गुच्छात नाही; तो गुच्छाच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, केवळ त्याच दिशेला आहे.

गुच्छ जमतो कसा, या प्रश्नाचा धागा पुण्याशी येऊन मिळतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजच्या आवारात, जेथे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, १८८८च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली आणि कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख झाले. तेथे ग्रब कंपनीने बनविलेली वीस इंची परावर्ती दुर्बीण होती. त्या काळी भारतातील ती सर्वांत मोठी दुर्बीण होय. नायगमवालांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा, म्हणजे मृगाच्या पोटातल्या बाणाखाली अंधुक धुक्यासारख्या दिसणाऱ्या पट्ट्याचा, वर्णपट घेतला. तेजोमेघांच्या प्रकाशातील मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमची आहे आणि त्यामुळे तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे होत, असे नॉर्मन लॉकयर हा प्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ त्या वेळी प्रतिपादन करीत होता. ती रेषा मॅग्नेशियमची असती तर एका बाजूस पुसट होत गेलेली दिसावयास हवी होती. नायगमवालांनी १८९१ साली कळविले की, ती दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. म्हणजे लॉकयरचे मत टिकत नव्हते. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे हे आयरा बोवेनने १९२७ साली दाखविले, आणि तेजोमेघ हा अतितप्त ताऱ्यांनी उजळलेला विरळ वायू असल्याचे पक्के झाले. नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली वेधशाळा बंद करण्यात आली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलला गेली. महाराष्ट्रात वेधप्रधान खगोलशास्त्राची जी परंपरा रुजू पाहत होती ती त्या वर्षी तुटली, आणि तिची भरपाई व्हायला अनेक दशके लागली, ही खेदाची गोष्ट आहे.

पुण्याहून पाहिलेला तो तेजोमेघ म्हणजे प्रत्यक्षात गुच्छाचे जन्मस्थान आहे. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरील या मेघात दहा ते तीस लाख वर्षे वयाचे, दोन हजारांहून अधिक तारे अद्याप वायूच्या आवरणात आहेत. आकाशगंगेच्या चकतीत ठिकठिकाणी हायड्रोजनच्या रेणूंचे प्रचंड मेघ असतात, त्यांचे तापमान शून्याखाली २५० अंश सेल्सिअसपेक्षाही कमी असते आणि वस्तुमान सूर्याच्या हजारोपटींपासून लाखोपटींपर्यंत जाते. अशा मेघाचा दाट झालेला भाग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो, आकसताना त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्यातून एक तारा किंवा ताऱ्यांची जोडी आकार घेते. त्यामुळे तारे एकेकटे न जन्मता बहुधा समूहाने जन्मतात. परंतु मेघातील सगळा वायू ताऱ्यांत जात नाही, दाट भागातही साधारणतः एक-दशांश ते एक-तृतीयांश एवढाच जातो, आणि उरलेला वायू हाच आरंभी गुच्छाला बांधून ठेवणाऱ्या गुरुत्वाकर्षणाचा मोठा हिस्सा पुरवीत असतो. मृगाच्या तेजोमेघात मध्यभागी सूर्याच्या तीसपटीहून जड असा एक तारा आहे. त्याच्या अतिनील प्रकाशाने आणि त्याच्यापासून सुटणाऱ्या कणांच्या झोताने हा वायू उधळला जात आहे. वायू निघून गेला की बंधन सैल होते, आणि जे तारे त्या बंधनाला शोभेल अशा वेगाने फिरत होते तेच तारे आता त्या वेगाने बाहेर पडू लागतात. चार्ल्स लाडा आणि एलिझाबेथ लाडा यांनी २००३ साली केलेल्या आढाव्यात असे आढळले की, वायूत जन्मलेल्या गुच्छांपैकी दहातील नऊहून अधिक गुच्छ कृत्तिकांच्या वयापर्यंत पोहोचतच नाहीत. कृत्तिकांचे वय १० ते साडेबारा कोटी वर्षे मानले जाते; म्हणजे आकाशात दिसणारा हा झुबका फार थोड्या वाचलेल्यांपैकी एक आहे. पावेल क्रूपा, स्वेर आर्सेथ आणि जॅरॉड हर्ली यांनी २००१ साली संगणकावर मृगातील गुच्छासारखा, दहा हजार सदस्यांचा समूह घेऊन त्यातील वायू एकदम काढून टाकला, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश सदस्य एकत्र राहिले आणि त्यांतून जे उरले ते कृत्तिकांशी जुळणारे होते. कार्तिक-मार्गशीर्षात पूर्वेकडे एकामागून एक वर येणारी ही दोन नक्षत्रे अशा प्रकारे एकाच कथेची दोन प्रकरणे ठरली.

वायूच्या संकटातून निभावलेल्या गुच्छालाही पुढे क्षय चुकत नाही, आणि या क्षयाचे गणित ज्या शास्त्रज्ञांनी मांडले त्यांत एका भारतीयाचे कार्य मूलभूत आहे. गुच्छातील प्रत्येक तारा इतर सर्व ताऱ्यांच्या ओढीत फिरत असतो. दूरवरून जाणाऱ्या एखाद्या ताऱ्याची ओढ त्याच्या मार्गात अत्यल्प बदल करते, परंतु असे असंख्य बदल साचत जाऊन कोट्यवधी वर्षांत काही ताऱ्यांचा वेग वाढतो, काहींचा घटतो. ज्याचा वेग सुटकेच्या मर्यादेपलीकडे जातो तो तारा गुच्छ सोडून निघून जातो, आणि जाताना उरलेल्यांपेक्षा अधिक ऊर्जा घेऊन जातो. भांड्यातील पाणी उकळत नसतानाही त्यातील वेगवान रेणू पृष्ठभागावरून निसटत राहतात आणि पाणी आटत जाते, तसाच हा प्रकार असल्यामुळे शास्त्रज्ञांनीही याला बाष्पीभवन असेच नाव दिले आहे. व्हिक्टर अंबार्त्सुम्यान याने १९३८ साली लेनिनग्राड येथे आणि लायमन स्पिट्झर याने १९४० साली अमेरिकेत या क्रियेचे गणित स्वतंत्रपणे केले. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९४२ साली ताऱ्यांच्या गतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला आणि लगेच पुढल्या वर्षी त्या गणितातली एक उणीव दूर केली. वेगाने चाललेला तारा आपल्या मागे शेजारच्या ताऱ्यांची किंचित गर्दी ओढून आणतो, आणि ती गर्दी त्यालाच मागे खेचते, त्यामुळे त्याचा वेग आपोआप आवरला जातो. या परिणामाला त्यांनी गतिकीय घर्षण म्हटले. या घर्षणाचा विचार केला नाही तर कृत्तिकांसारखा गुच्छ इतक्या लवकर विरून जायला हवा की तो आज दिसणेही कठीण, असे त्यांनी दाखविले, आणि कृत्तिकांचे टिकून असणे हाच घर्षणाचा पुरावा मानला. शतपथातील वाक्याने दीक्षितांना ज्या झुबक्याविषयी प्रश्न सुचविला, त्याच झुबक्याने अर्धशतकानंतर चंद्रशेखरांना अगदी वेगळे उत्तर दिले.

याच गणिताचा दुसरा परिणाम असा की जड तारे गुच्छाच्या मध्याकडे बसत जातात आणि हलके तारे कडेला सरकतात, मग कडेचे हलके तारे आधी निसटतात. कृत्तिकांत हे प्रत्यक्ष दिसते : नुसत्या डोळ्यांना दिसणारे निळसर, तेजस्वी तारे मध्यभागी दाटले आहेत, तर सूर्याहून हलक्या, मंद ताऱ्यांची वस्ती त्यांच्याभोवती पसरली आहे. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवरील या गुच्छात एक हजाराहून अधिक तारे आणि सूर्याच्या सुमारे आठशेपट वस्तुमान आहे. १९९५ साली यातच ‘तेइदे १’ हा, तारा होण्याइतके वस्तुमान न लाभलेला तपकिरी बटू सापडला, आणि तो अशा पिंडांच्या अगदी पहिल्या निश्चित उदाहरणांपैकी ठरला. याउलट जे तारे फार जड होते ते केव्हाच विझले; त्यांपैकी एकाचा श्वेतबटू, ‘एलबी १४९७’, कृत्तिकांत ओळखला गेला आहे. हा श्वेतबटू म्हणजे सूर्याच्या सुमारे सहापट जड ताऱ्याचा गाभा असून त्या ताऱ्याने आपले बहुतेक वस्तुमान मृत्यूपूर्वी बाहेर टाकले, आणि तो वायू गुच्छात राहिला नाही. गुच्छाचे वस्तुमान अशा प्रकारे दोन वाटांनी कमी होते, तारे निसटतात आणि तारे झिजतात. कृत्तिकांभोवती छायाचित्रांत दिसणारा निळा धुरकट प्रकाश जन्माच्या वेळचा वायू आहे असे पूर्वी वाटत असे, परंतु तो वाटेत भेटलेला परका धूलिमेघ असून गुच्छ त्यातून चालला आहे, असे नंतरच्या मोजणीतून दिसून आले.

आतल्या क्षयाला बाहेरच्या ओढीची जोड मिळते. आकाशगंगेच्या मध्याचे गुरुत्वाकर्षण गुच्छाच्या जवळच्या बाजूस अधिक आणि दूरच्या बाजूस कमी असल्यामुळे, समुद्राला भरती येते त्याच नियमाने गुच्छ ताणला जातो आणि विशिष्ट अंतराबाहेरचे तारे त्याच्या हातात राहत नाहीत. बार्ट बॉक याने १९३४ साली या ताणाचे गणित केले. वाटेत भेटणाऱ्या आंतरतारकीय मेघांच्या धक्क्यांनीही तारे सुटतात, हे स्पिट्झरने १९५८ साली दाखविले. संगणक आल्यावर झेबास्टियान फॉन हॉर्नर याने १९६० साली फक्त १६ ताऱ्यांच्या गतीचा हिशेब करून आरंभ केला, आर्सेथ १९६३ साली शंभरापर्यंत गेला, आणि २०१६ साली दहा लाख ताऱ्यांच्या गुच्छाचे आयुष्य संगणकावर घडविण्यात आले. सूर्याच्या परिसरातील निम्मे गुच्छ सुमारे वीस कोटी वर्षांत विरतात, असे रोलांड वीलेन याने १९७१ साली काढले होते. कृत्तिकांना आणखी सुमारे पंचवीस कोटी वर्षे मिळतील असा अंदाज आहे. त्या हिशेबाने सरासरीने सुमारे अडीच लाख वर्षांत एक तारा निसटतो, तेव्हा शतपथापासून आजपर्यंतच्या काळात कृत्तिकांनी एखादाही तारा गमावला असण्याचा संभव थोडाच आहे.

हे ज्ञान जगात घडत असताना महाराष्ट्रात आकाश पाहण्याची सवय टिकवून धरली ती मुख्यतः हौशी मंडळांनी. पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, मुंबईत १९७७ साली नेहरू तारांगण सुरू झाले, १९८५ साली खगोल मंडळ निघाले, आणि हॅलेच्या धूमकेतूने जे कुतूहल जागे केले त्या लाटेत कल्याणात आकाशमित्र मंडळाने काम सुरू केले. ठाण्यात पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांनी वृत्तपत्रांतून आणि व्याख्यानांतून पंचांग व खगोल यांची सांगड घालण्याचे जे काम वर्षानुवर्षे केले, ते दीक्षितांच्या ‘ज्योतिर्विलासा’च्या वळणाचेच आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही शहरे एकमेकांना भिडत गेली आणि रात्रीचा उजेड वाढत गेला, तसे या मंडळींना आकाशासाठी कर्जतच्या लोकलने बदलापूरपलीकडे वांगणीला किंवा मुरबाडच्या बाजूला जावे लागले. डोंबिवलीच्या गच्चीवरून कृत्तिकांचे दोन-चारच तारे दिसतात. वांगणीच्या माळावर सहा-सात सहज मोजता येतात आणि साध्या द्विनेत्रीतून कितीतरी अधिक. हिवाळ्यातील एकाच रात्रीत तेथे मृगाच्या तेजोमेघात गुच्छाचा जन्म, कृत्तिकांत तारुण्य, सुमारे ६५ कोटी वर्षे वयाच्या रोहिणीशकटात वार्धक्य, पहाटेकडे वर आलेल्या सप्तर्षींत पांगलेला समूह, आणि पुष्य नक्षत्रात रोहिणीशकटाच्याच वयाचा आणखी एक गुच्छ, असा सारा क्रम पाहावयास मिळतो. ठाणे जिल्ह्यातील मुलांसाठी विज्ञानाचा याहून सोपा आणि याहून खरा पाठ नाही, आणि तो वाढत्या उजेडात बुडत चालला आहे याची दखल नगररचना करणाऱ्यांनी घेतली पाहिजे.

मुरबाडवरून जाणारा कल्याणचा रस्ता माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात पोहोचतो, आणि तेथे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, मीटर तरंगलांबीची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. या दुर्बिणीने शोधलेला पहिला स्पंदक तारा (पल्सर) एका गुच्छातच सापडला, ही या इतिहासाच्या दृष्टीने विशेष गोष्ट आहे. तो गुच्छ कृत्तिकांच्या जातीचा नाही. कृत्तिका, रोहिणी, पुष्य हे विरळ व तरुण असे खुले गुच्छ होत. दुसरी जात गोलाकार गुच्छांची, ज्यांत लाखो तारे दाटलेले असतात आणि ज्यांचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक असते. उन्हाळ्यात ठाण्याच्या दक्षिण क्षितिजावर सुमारे २३ अंशांपर्यंत वर येणारा नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा त्यांतील सर्वांत मोठा. २००४ साली यशवंत गुप्ता, पाउलो फ्रेरे, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वर चंद्र यांनी खोडदच्या दुर्बिणीतून कपोत तारकासमूहातील एनजीसी १८५१ या गोलाकार गुच्छात सेकंदाला सुमारे दोनशे गिरक्या घेणारा स्पंदक शोधला. असा वेगवान स्पंदक सहसा आपल्या जोडीदाराभोवती जवळजवळ वर्तुळात फिरतो, कारण त्याला वेग देणारी प्रक्रियाच कक्षा गोल करून टाकते. हा मात्र १८.८ दिवसांच्या अत्यंत लांबट कक्षेत फिरताना आढळला. याचा सर्वांत सरळ अर्थ असा की, त्याला वेग देणारा मूळ जोडीदार पुढे कोणत्यातरी जवळच्या भेटीत हिसकावला गेला आणि त्याच्या जागी दुसराच जड तारा आला. ताऱ्यांच्या ज्या परस्पर ओढीतून बाष्पीभवन होते, तिचे तीव्र रूप गुच्छाच्या दाट गाभ्यात कसे असते, हे त्या एका कक्षेने दाखवून दिले. गोलाकार गुच्छही अमर नाहीत : ‘पालोमार ५’ या गुच्छातून निसटलेल्या ताऱ्यांच्या दोन लांब शेपट्या २००१ साली आढळल्या.

खुल्या गुच्छांच्या शेपट्या मात्र आकाशगंगेच्या गर्दीत हरवून जात, कारण बाहेर पडलेला तारा इतर ताऱ्यांसारखाच दिसतो. हा अडथळा युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘गाया’ या यानाने दूर केला. डिसेंबर २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या या यानाने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे १३० कोटी ताऱ्यांची अंतरे आणि गती प्रसिद्ध केल्या, आणि पुढच्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी रोहिणीशकटातून पुढे आणि मागे पसरलेल्या, शेकडो प्रकाशवर्षे लांबीच्या शेपट्या दाखविल्या. गुच्छात आज जेवढे उरले आहे त्याहून कितीतरी अधिक तारे त्याने आजवर गमावले आहेत. यापूर्वी एका उपग्रहाच्या मोजणीने कृत्तिकांचे अंतर सुमारे दहा-बारा टक्क्यांनी कमी दाखवून जो वाद निर्माण केला होता, तोही गायाने मिटविला. २०२५ साली अँड्र्यू बॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गायाच्या गतींना ताऱ्यांच्या गिरक्यांच्या मोजमापाची जोड दिली. तरुण तारा वेगाने गिरकी घेतो आणि वयाबरोबर मंदावतो, त्यामुळे गिरकीवरून वय ओळखता येते. कृत्तिकांच्याच वयाचे आणि त्यांच्याच गतीने चाललेले तारे शोधत गेल्यावर सुमारे दोन हजार प्रकाशवर्षे पसरलेला, तीन हजारांहून अधिक ताऱ्यांचा समूह हाती आला, आणि कृत्तिका हा त्या विखुरलेल्या समूहाचा अद्याप न सुटलेला दाट भाग असल्याचे दिसून आले. यातले किती तारे कृत्तिकांतूनच निसटलेले आणि किती त्याच मूळ मेघातून शेजारी जन्मलेले, हे वेगळे करण्याचे काम चालू आहे; त्यासाठी लागणारा गायाच्या निरीक्षणांचा चौथा संच डिसेंबर २०२६ मध्ये प्रसिद्ध करण्याचे नियोजन आहे.